पद्मिनीची इग्निशनची वायर का तापत होती: माझा अनुभव

माझ्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्या डॅशबोर्डखालून जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला. कोल्हापूर शहरात काही जाणवत नसे. मात्र पन्हाळ्याचा घाट चढताना वास सुरू होई, इंजिन मिसिंग मारू लागे, म्हणजे मधूनच अडखळे, आणि थोडा वेळ सावलीत उभी केली की गाडी पुन्हा सुरळीत चाले. एका गॅरेजमध्ये किल्लीच्या स्विचपासून कॉइलपर्यंतची (प्लगच्या ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या गुंडाळीपर्यंतची) वायर बदलून जाड वायर घातली. काही दिवसांनी वास परत आला.

मग मी शिवाजी उद्यमनगरातील एका जुन्या वायरिंग मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पक्कड हातात घेण्याआधीच विचारले, "मालक, वायर सगळी तापतीया का एका टोकालाच?" पुढच्या साऱ्या तपासाची दिशा या प्रश्नाने ठरली. वायर पूर्ण लांबीत सारखी गरम होत असेल, तर तिला झेपत नाही इतका करंट तिच्यातून जात असतो. एकाच टोकाला चटका बसत असेल, तर तिथला जोड खराब असतो. आमची वायर कॉइलकडे थंड होती आणि स्विचच्या थिंबलजवळ (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या पितळी टोपणाजवळ) बोट ठेवता येत नव्हते.

कॉइलची प्रायमरी, म्हणजे बॅटरीचा करंट ज्यातून जातो ती गुंडाळी, मीटरवर ३.२ ओहम भरली, म्हणजे १२ व्होल्टला जेमतेम ४ अँपिअर. एवढ्याने धड वायर तापत नाही. मग किल्ली चालू करून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट कमी होतात ते, मोजला. इथे एक गोष्ट सांभाळावी लागते: डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट (इंजिन फिरताना कॉइलचा करंट चालू-बंद करणारे संपर्क) उघडे असतील तर कॉइलमधून करंट वाहतच नाही, मीटर बॅटरीइतकेच व्होल्ट दाखवतो आणि सगळे ठीक आहे असा समज होतो. म्हणून गाडी टॉप गिअरमध्ये टाकून किंचित ढकलली आणि पॉइंट मिटल्यावर मोजले. बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते, कॉइलवर १०.३. हरवलेल्या २.१ व्होल्टपैकी १.७ व्होल्ट एकट्या स्विचवर, त्यात येणाऱ्या आणि त्यातून जाणाऱ्या वायरच्या थिंबलांच्या दरम्यान जात होते. म्हणजे त्या इवल्याशा जागेत पाच वॉटहून जास्त उष्णता सतत तयार होत होती. किल्ली लगेच बंद केली, कारण इंजिन बंद असताना पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइलही तापते.

थिंबल काढून पाहिले. पितळ निळसर पडले होते, त्याची पकड सैल झाली होती, तांब्याच्या निम्म्या तारा मानेशी तुटल्या होत्या आणि उरलेल्या काळ्या पडून बोटाने मोडत होत्या. स्विचच्या आतला संपर्कही खड्डे पडून खराब झाला होता. त्यातच, आधी कोणीतरी पंखा आणि गाण्यांचा टेप यांची वायर याच थिंबलवर जोडली होती. ही दोन्ही चालू केली की करंट साधारण दुप्पट होई, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती जवळजवळ चौपट होई. घाटात, उन्हात, पंखा चालू असतानाच त्रास का होत होता, हे मला तेव्हा उमगले.

अशा वेळी मोठा फ्यूज घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला घातक वाटतो. सैल जोडामुळे करंट वाढत नाही, उलट कमी होतो. त्यामुळे जोड जळत असला तरी फ्यूज शाबूत राहतो.

स्विच नवा बसवला, वायरचा खराब भाग कापून नवी थिंबले नीट दाबून घेतली आणि पंखा व टेप यांना वेगळा रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) देऊन त्यांचा पुरवठा फ्यूजमधून थेट बॅटरीवरून घेतला. दुकानदार १.५ ओहमची कॉइलही घ्या म्हणत होता, पण बॅलास्ट रेझिस्टरशिवाय (कॉइलचा करंट मर्यादित ठेवणाऱ्या रोधकाशिवाय) ती लावली असती तर करंट दुपटीने वाढला असता, म्हणून जुनीच ठेवली.

आता बॅटरीपासून कॉइलपर्यंत ०.३ व्होल्टच कमी होतात आणि पन्हाळ्याला पंखा चालू ठेवून पोहोचल्यावरही थिंबल हाताला कोमटच लागते. वायपरचा पुरवठाही त्याच स्विचमधून जातो, तेव्हा पावसाळ्याआधी त्याचेही जोड याच रीतीने मोजून घेणार आहे.