पर्किन्स म्हणजे माणूस का?

अंध मुलांच्या एका शाळेत मी आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जाते. तिथे ब्रेल टाइप करायच्या यंत्राला सगळे नुसतं 'पर्किन्स' म्हणतात. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, पर्किन्स म्हणजे माणूस का?" मला धड सांगता येईना. ठरवलं, त्यांचं चरित्र त्याच यंत्रावर मराठीत टाइप करून तिच्या हातात द्यायचं.

नावापासूनच अडले. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, हलन्ताचा (पाय मोडण्याचा) ठिपका अक्षराच्या आधी येतो. 'पर्किन्स'मध्ये तो 'र'च्याही आधी हवा आणि 'न'च्याही. राहिलेला ठिपका मागे जाऊन देता येतो, पण जास्तीचा पडला तर नखानं दाबून सपाट करावा लागतो आणि तरी वाचणाऱ्या बोटाला तो जाणवतोच. पहिलं पान तीनदा केलं.

थॉमस हँडसिड पर्किन्स १७६४ साली बॉस्टनमध्ये जन्मले. मोठे व्यापारी, शिवाय मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटवर अनेकदा निवडून गेलेले. बंकर हिलच्या लढाईच्या स्मारकासाठी क्विन्सीच्या खाणीतून ग्रॅनाइट आणायला १८२६ मध्ये घोड्यांनी ओढायची रेल्वे सुरू झाली, त्या कंपनीचे ते अध्यक्ष. १८३३ मध्ये त्यांनी पर्ल स्ट्रीटवरचं आपलं घर अंधांच्या शाळेला दिलं. ते अपुरं पडू लागल्यावर त्याच्या बदल्यात मोठी इमारत घ्यायलाही मोकळीक दिली. शाळेला त्यांचं नाव लागलं ते त्यानंतर. तिथेच सुतारकाम शिकवणाऱ्या डेव्हिड अब्राहम यांनी रचलेलं हे यंत्र १९५१ मध्ये तयार होऊ लागलं.

इथवर हात भराभर चालला. मग पैसा आला कुठून, हे वाचलं. तरुणपणी सेंट-डोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, त्यांच्या धंद्यात गुलामांची खरेदी-विक्री होती. पुढे त्यांची तुर्की अफू स्मर्ना बंदरातून (आजचं इझमीर) जहाजानं चीनमध्ये कँटनला जायची; तिथे तिच्यावर बंदी असतानाही.

दोन दिवस मी यंत्राला हात लावला नाही. घर दिल्याची गोष्ट तेवढी ठेवली असती, तर वर्गात कुणालाच काही खटकलं नसतं. पण तिनं माणसाबद्दल विचारलं होतं. तिसऱ्या दिवशी 'गुलाम' आणि 'अफू' हे दोन्ही शब्द टाइप केले, पर्ल स्ट्रीटच्या घराच्या आधी.

तिनं पान सावकाश वाचलं. 'अफू'वर बोट थांबलं.

"ताई, चीनला पोचायला जहाजाला किती दिवस लागायचे?"

"महिनेच्या महिने."

"म्हणजे विचार करायला वेळ होता," ती म्हणाली, आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.