लॅपटॉपची बॅटरी, वेग शाबूत ठेवून : नागपूरच्या उन्हाळ्यातील प्रगती

लॅपटॉपची बॅटरी जास्त वेळ चालावी यासाठी मी करत असलेल्या प्रयोगांच्या या टप्प्यातही प्रोसेसरच्या कमाल वेगाला हात लावायचा नाही, ही अट मी पाळली आहे. टर्बो (गरजेनुसार वेग तात्पुरता वाढवण्याची सोय) चालू आहे आणि सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधील काम करणारे स्वतंत्र भाग, हेही चालू आहेत. यंत्र मंद करून बॅटरीचे तास वाढवणे फारसे अवघड नाही. पण काम चालू असताना यंत्राला मोकळे सोडावे आणि ते रिकामे असताना विनाकारण जाणारी वीज शोधून काढावी, असा माझा आग्रह आहे. लेखन, वाचन किंवा प्रोग्रामिंग करताना प्रोसेसर बहुतेक वेळ आपण पुढची कळ केव्हा दाबतो याची वाट पाहत असतो, त्यामुळे बचतीला खरा वाव तिथेच आहे.

यंत्र दहाव्या पिढीच्या इंटेल एच मालिकेचे, सोबत एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि लिनक्स ही कार्यप्रणाली. बॅटरीची मूळ क्षमता ५२ वॅट-तास असून आता पूर्ण भरल्यावर ती ४४ दाखवते. पडदा मध्यम उजेडावर आणि वायफाय चालू असताना हे यंत्र नुसते बसून सुमारे ११ वॅट ओढत होते, म्हणजे काहीही न करता चार तासांत बॅटरी संपणार.

सर्वांत मोठी गळती ग्राफिक्स कार्डाची निघाली. कोणताही प्रोग्राम ते वापरत नसतानाही त्याची ‘रनटाइम स्टेटस’ सतत ‘अ‍ॅक्टिव्ह’ येत होती. माझे कार्ड ज्या ट्युरिंग पिढीचे आहे, त्या पिढीच्या कार्डांना पूर्ण झोपवता येते; मात्र त्यासाठी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये डायनॅमिक पॉवर मॅनेजमेंट चालू करावे लागते आणि त्या एकाच कार्डावरची सगळी उपकरणे झोपावी लागतात. माझ्याकडे कार्डाचा एचडीएमआय ध्वनी नियंत्रक जागा होता आणि त्याच्यामुळे अख्खे कार्ड जागे राहत होते. लिनक्समध्ये उपकरणांची सेटिंग ठरवणाऱ्या यूडेव्हच्या नियमाने त्याचे ‘पॉवर कंट्रोल’ ‘ऑन’वरून ‘ऑटो’वर नेले आणि काही सेकंदांत स्टेटस ‘सस्पेंडेड’ झाले. मोजमाप ११ वरून ७ वॅटवर आले. हे तपासताना कार्डाची माहिती दाखवणारी एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा चालवू नये, कारण तीच कार्डाला जागे करते. स्टेटसची फाइल वाचणे पुरेसे आहे.

त्यानंतर पॉवरटॉप या विजेचा खप दाखवणाऱ्या प्रोग्राममधील ‘आयडल स्टॅट्स’चे पान पाहिले. कोअर खोल झोपेत जात होते, परंतु पॅकेजच्या, म्हणजे संपूर्ण चिपच्या, स्तंभात सी३ पेक्षा खोल झोपेच्या सर्व ओळी शून्यावर अडकल्या होत्या (‘सी’पुढचा आकडा मोठा तितकी झोप खोल). पीसीआय-एक्सप्रेस या अंतर्गत जोडणीवरचे एखादे उपकरण आपला दुवा विजेच्या बचतीत जाऊ देत नसेल, तर प्रोसेसरचे संपूर्ण पॅकेज जागे राहते. एकेक उपकरण बंद करून पाहिल्यावर एसडी कार्ड रीडर सापडला. त्याच्यासाठी एएसपीएम (रिकामा दुवा बचतीत नेणारी सोय) चालू करताच सी८ च्या ओळीत आकडे दिसू लागले आणि खप साडेपाच वॅटवर स्थिरावला.

टीएलपी या वीज-बचतीच्या प्रोग्राममध्ये बॅटरीवरील ऊर्जा-धोरण ‘बॅलन्स पॉवर’ ठेवले आहे. या धोरणात वेग चढण्याची घाई किंचित कमी होते, कमाल मर्यादा मात्र तीच राहते. एकच प्रकल्प चार्जर लावून आणि काढून कम्पाइल केला, तेव्हा वेळेत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. टीएलपीसोबत पॉवर-प्रोफाइल्स-डीमन हा त्याच कामाचा दुसरा प्रोग्राम चालू ठेवू नये, दोघे एकमेकांची मूल्ये पुसतात. अंडरव्होल्टिंगचा, म्हणजे प्रोसेसरला कमी व्होल्टेज देण्याचा, मार्ग तत्त्वतः उत्तम आहे, कारण खप व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात बदलतो. पण डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही व्होल्टेज बदलून करता येणाऱ्या हल्ल्याची सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्यानंतर अनेक यंत्रांच्या फर्मवेअरमध्ये तो बंद झाला, आणि माझेही त्यातलेच.

नागपूरकर मित्रांना एक विनंती आहे. जानेवारीतील रात्रीचे आणि मे महिन्यातील दुपारचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. सिलिकॉन तापले की त्यातून गळणारा प्रवाह वाढतो, पंखाही अधिक फिरतो, आणि स्लॅबखालच्या खोलीत पारा ४० ला टेकला असेल तर तीच सेटिंग जास्त वीज खाते. वरील सर्व तुलना म्हणूनच एकाच रात्री, कूलर चालू ठेवून, खोलीचे तापमान पाहत केल्या आहेत.

हाच उष्मा बॅटरीच्या आयुष्यावरही घाला घालतो. बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळाच्या प्रसिद्ध तक्त्यानुसार ४० अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेल्या लिथियम-आयन बॅटरीत सुमारे ६५ टक्के क्षमता उरते, तर ४० टक्केच भरून ठेवलेलीत ८५ टक्के. बहुतेक वेळ चार्जरवर असलेल्या लॅपटॉपला आपल्या उन्हाळ्यात हे बऱ्याच अंशी लागू पडते. मी चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली आहे. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत वादळी पावसाने वीज जाण्याची चिन्हे दिसली, तरच ती तेवढ्यापुरती १०० वर नेतो. ८० टक्क्यांत साधारण ३५ वॅट-तास हाती येतात आणि नेहमीच्या लेखनकामाला ते पाच तासांच्या आसपास पुरतात.

व्हिडिओचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. इंटेलमध्ये एव्ही१ या व्हिडिओ-स्वरूपाचे हार्डवेअर डीकोडिंग (चिपमधील खास भागाने व्हिडिओ उलगडणे) अकराव्या पिढीपासून आले, त्यामुळे माझ्या प्रोसेसरला एव्ही१ व्हिडिओ कोअरच्या बळावर उलगडावा लागतो आणि सगळी बचत तिथे वाहून जाते. ब्राउझरमध्ये एव्ही१ बंद करून व्हीपी९ हे जुने स्वरूप घ्यायला लावले आहे, हार्डवेअर डीकोडिंग वापरू देणारे व्हीए-एपीआयही चालू केले आहे. पॉवरटॉपचे आकडे आणि पडदा १२० ऐवजी ६० हर्ट्झवर ठेवल्याचा परिणाम एकत्र मोजून पुढच्या टप्प्यात मांडेन.