२५५ आणि उणे एक

मंगळवार, रात्री उशिरा

आज दिवसभर एका टेस्टने अडवून धरलं. माझं हे सी भाषेतलं पॅकेज एक्स८६-६४ वर, म्हणजे नेहमीच्या पीसीच्या प्रोसेसरवर, दोन वर्षं बिनतक्रार बिल्ड होतंय. एआरएम६४ या दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठीही सरळ कंपाइल झालं, पण पहिलीच टेस्ट सुरू झाली ती संपेचना. एरर नाही, क्रॅश नाही. सीपीयू शंभर टक्के आणि लॉग जागच्या जागी.

दुपारपर्यंत माझा संशय कंपायलरवर होता. मग चालू प्रोग्राम आतून तपासणारं जीडीबी जोडून पाहिलं, तर प्रोग्राम फाइल वाचायच्या लूपमध्येच गरगरत होता. गेटसी हे सीमधलं फंक्शन एकेक बाइट (० ते २५५ मधला आकडा) देतं आणि फाइल संपली की उणे एक. ते मी ‘कॅर’ या एका बाइटच्या टाइपमध्ये साठवत होते. कॅर साइन्ड (उणे आकडेही मावणारा) की अनसाइन्ड (उणे आकडे न मावणारा), हे सी भाषेने ठरवलेलंच नाही. लिनक्सवर एक्स८६ मध्ये तो साइन्ड, एआरएममध्ये अनसाइन्ड. २०२५ साली डेबियन १३ या लिनक्स आवृत्तीत अधिकृत झालेल्या रिस्क-व्ही प्रोसेसरवरही अनसाइन्डच. तिथे उणे एक ठेवला की त्याचे २५५ होतात. मग फाइल संपली हे लूपला कळणार कसं?

कंपायलरला साइन्ड कॅरचा फ्लॅग दिला असता तर टेस्ट लगेच पास झाली असती. मन झालंही होतं. पण कॅरच्या जागी इंट, म्हणजे २५५ आणि उणे एक दोन्ही वेगवेगळे मावणारा मोठा टाइप, केलं, आणि तेव्हा लक्षात आलं की एक्स८६ वरही हे कधीच बरोबर नव्हतं. तिथे फाइलच्या मध्येच २५५ चा बाइट आला, तर तोच उणे एक ठरणार. जुन्या कोडवर मुद्दाम तशी फाइल देऊन पाहिली. ४० बाइटांपैकी १२ वाचले आणि काहीच न बोलता प्रोग्राम संपला. दोन वर्षं! कुणाची फाइल अशी अर्धवट वाचली गेली असेल का, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. एआरएमच्या लॉगमध्ये ‘ही तुलना नेहमी खरीच ठरेल’ अशी वॉर्निंगही होती. शेकडो ओळींत मी ती वाचलीच नव्हती.

रात्री क्यूईएमयूवर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, एस३९०एक्सचं (आयबीएम मेनफ्रेमचं) बिल्ड लावलं. फार हळू चालतं, पण चालतं. त्या प्रोसेसरवर बाइटांचा क्रम उलटा. फाइलच्या हेडरमधली (सुरुवातीच्या माहितीतली) लांबी १ यायला हवी, आली १,६७,७७,२१६. चार बाइट जसेच्या तसे उचलून मी पूर्णांक म्हणून वापरलेत.

उद्या ते एकेक करून शिफ्टने (बिट सरकवून) जोडायचे. आणि २५५ च्या बाइटची ती फाइल टेस्टमध्ये कायमची ठेवायची.