रात्रपाळी संपली
स्वारगेटला बसची वाट बघतेय, डोळे मिटतायत, तरी लिहितेच. पहाटे 3 वाजता कॅज्युअल्टीत एकदम चार पेशंट आले. अपघातातला एक मुलगा जोरात ओरडत होता. कोपऱ्यात एक आजोबा घामाघूम, गप्प. मुलाला सहकारी सिस्टरकडे सोपवून मी आधी आजोबांचा ईसीजी काढला. हार्ट अटॅकच होता.

हे ट्रायाज, म्हणजे कोणाला आधी बघायचं ते ठरवणं, माझ्या अंगात मुरलं ते संघटनेच्या कार्यशाळेत. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया 1908 पासून आहे. अमेरिकेत तर 1970 पासून इमर्जन्सी नर्सेसची स्वतंत्र संघटना आहे. आपल्या कितीतरी जणींना सभासदत्व म्हणजे नुसती वर्गणी वाटते. मलाही वाटायची.

निघताना आजोबांच्या सूनबाईंनी माझा हात धरला. बोलल्या काहीच नाहीत.