मुक्काम भंडारदऱ्याला, चढाई कळसूबाईची

कळसूबाईला जाणारे बहुतेक जण रात्रीच बारी गाव गाठतात, बॅटरीच्या उजेडात चढतात, सूर्योदय बघतात आणि पेंगत घरी परततात. आम्ही भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबू ठोकला, रात्री नीट झोपलो आणि उजाडता उजाडता बारीतून चढायला लागलो. पुन्हा गेलो तर असंच जाईन.

सूर्योदयाचं कौतुक जरा अतीच होतं. शनिवारी रात्री शिड्यांपाशी रांग लागते, माथ्यावर देवीच्या छोट्या देवळाभोवती पाय ठेवायला जागा नसते, आणि ढग असले तर एवढं करून दिसत काहीच नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी आठ-नऊच्या सुमाराला पोचलात तर माथा जवळजवळ आपलाच. धुकं विरलेलं असेल तर पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले, दक्षिणेला जलाशय आणि त्यामागे रतनगडाचा खुट्टा म्हणजे सुळका, सगळं शांतपणे ओळखत बसता येतं.

माथा १६४६ मीटरवर आहे आणि बारीपासून चढ आठशे मीटरच्या वर. सवय असेल तर अडीच तास, नसेल तर चार धरा. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे दोराची गरज नाही. पण या शिड्यांच्या पायऱ्या घासून गुळगुळीत झाल्यात, त्यावर दव असलं की बूट सरकतो. उतरताना तोंड शिडीकडेच ठेवा, आणि सेल्फीची काठी सॅकमध्ये. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, पण उन्हाळ्यात तिच्या भरवशावर राहू नका. माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्या. लिंबू सरबताच्या टपऱ्या वाटेवर आहेत, पण मधल्या वारी त्या उघड्या असतीलच असं नाही. पिठलं-भाकरी हवी असेल तर चढतानाच बारीत सांगून ठेवावी, उतरेपर्यंत तयार असते.

दुसरी वाट उत्तरेकडून, इगतपुरी तालुक्यातल्या इंदोरे गावातून. वर्दळ कमी, वाट मात्र तितकी मळलेली नाही. पावसाळ्यात गावातला वाटाड्या घ्याच. तिकडे उतरायचं असेल तर गाडी वळसा घालून आणावी लागते, म्हणून तंबू भंडारदऱ्याला असताना बारीनेच चढून बारीनेच उतरणं सोयीचं.

तंबूवाल्यांचा हिशेब बहुधा एका रात्रीचा असतो आणि सकाळी जागा रिकामी करायला सांगतात. आपण तेव्हा डोंगरावर असणार, म्हणून सामान दुपारपर्यंत ठेवू देणार का ते पैसे देण्याआधी विचारा. गाण्यांचा दणदणाट किती वाजता बंद होतो, हेही विचारा. तासभर हुज्जत घालण्यापेक्षा ते बरं. तंबू पाण्याच्या अगदी कडेला नको: पावसाळ्यात पातळी वाढते, आणि थंडीत दवाने बाहेरचं कापड सकाळी पिळण्याइतकं ओलं होतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सप्टेंबरात सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे होतात, पण वाट निसरडी असते. नवरात्रात देवीला येणाऱ्यांची रीघ लागते, तेव्हा निवांतपणा विसरा.

स्वतःची गाडी नसेल तर भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावातली जीप आदल्या संध्याकाळीच ठरवा, परतीची वेळही तेव्हाच सांगून टाका. पहाटे रस्त्यावर उभं राहून वडाप मिळेल या आशेवर निघू नये.