ताप कितव्या दिवसाचा?

गेल्या वर्षी सप्टेंबरात एका सोमवारी आईला थंडी वाजून ताप भरला. बुधवारी सकाळी आम्ही जवळच्या लॅबमध्ये तिचे रक्त दिले आणि दुपारी रिपोर्ट आला : डेंग्यू आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. (ही दोन्ही विषाणूशी लढायला शरीर रक्तात तयार करते ती प्रतिपिंडे.) पहिली ओळ वाचून आमचा जीव भांड्यात पडला. दुसरी ओळ 'जुने काहीतरी असेल' म्हणून सोडून दिली. शनिवारी ताप उतरला, पण पोटात दुखू लागले, उलट्या थांबेनात आणि तिला दवाखान्यात दाखल करावे लागले. डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेण्याआधीच विचारले, "ताप नक्की कोणत्या दिवशी सुरू झाला?"

हाच प्रश्न आम्ही आधी विचारायला हवा होता. विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे तयार व्हायला शरीराला वेळ लागतो. आयजीएम साधारणपणे तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून सापडू लागते, सुमारे दोन आठवड्यांनी सर्वाधिक होते आणि दोन-तीन महिने रक्तात राहू शकते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी आलेल्या 'निगेटिव्ह'वरून डेंग्यू नाही असे म्हणताच येत नाही. त्या दिवसांत विषाणूचेच एनएस-१ हे प्रथिन शोधायचे असते आणि आईच्या रक्तात नेमके तेच तपासलेले नव्हते.

आम्ही सोडून दिलेली ओळ तर अधिक महत्त्वाची होती. पहिल्याच संसर्गात आयजीजी इतक्या लवकर दिसत नाही. ते तिसऱ्याच दिवशी सापडले, याचा अर्थ आईला पूर्वी कधीतरी, कदाचित नकळत, डेंग्यू किंवा त्याच्या कुळातल्या एखाद्या विषाणूचा संसर्ग झालेला असावा. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला तरी उरलेल्या तिघांपासून कायमचे संरक्षण मिळत नाही, उलट दुसऱ्या वेळी आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. शिवाय दुसऱ्या संसर्गात आयजीजी झपाट्याने चढते आणि आयजीएम क्षीण राहू शकते, कधी दिसतही नाही.

दवाखान्यात रविवारी पुन्हा रक्त घेतले, या वेळी एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीसाठी. त्या पद्धतीत प्लेटमधल्या छोट्या खळग्यांच्या तळाशी माणसाचे आयजीएम धरून ठेवणारा थर असतो. त्यावर रक्तातला द्रव आणि मग डेंग्यूचे प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडे ज्याला चिकटतात तो विषाणूचा भाग, घालतात, आणि शेवटी उमटणाऱ्या रंगाची तीव्रता यंत्र मोजते. याचे किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होते. कार्डवरची झटपट चाचणी (रॅपिड टेस्ट) पंधरा-वीस मिनिटांत होते, पण सरकारी कार्यक्रमात निदानाची खात्री एलायझानेच करतात. तीही पूर्ण निर्दोष नाही, कारण झिकासारख्या डेंग्यूच्या कुळातल्या विषाणूंची प्रतिपिंडे तिथे फसवू शकतात, आणि २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला झिकाचा रुग्ण सापडलेला असल्याने आपल्याकडे ही शक्यता केवळ पुस्तकी राहिलेली नाही.

आईचे आयजीएम पॉझिटिव्ह आले. सलाइन आणि बारकाईने ठेवलेली देखरेख यांवर ती पाच दिवसांत घरी परतली.

नोव्हेंबरात तिला पुन्हा ताप आला आणि आयजीएम पुन्हा पॉझिटिव्ह निघाले. या वेळी आम्ही सप्टेंबरची तारीख आधी सांगितली. डॉक्टरांनी ते जुन्याच संसर्गाचे उरलेले आयजीएम असावे असे सांगून एनएस-१ करून घेतले. ते निगेटिव्ह आले आणि सर्दीचा तो ताप दोन दिवसांत उतरला.