दिवाणजी चहाला उठले की

मार्केट यार्डात, भुसार विभागातल्या एका अडत्याकडे मी जीनोमच्या, म्हणजे लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या, वरच्या पट्टीत बसणारं छोटं एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) करून दिलं होतं. दर 30 सेकंदांनी गेटवर थांबलेल्या गाड्यांचा आकडा दाखवायचा, बस्स. उबुंटू 22.04, जीनोम 42, शंभरेक ओळींची जावास्क्रिप्ट. तक्रार आली ती एकट्या दिवाणजींच्या मशीनची. सकाळी ठणठणीत, पण चारनंतर स्क्रीन मध्येच थबकते, टाइप केलेलं उशिरा उमटतं.

घरी नेस्टेड खिडकीत, म्हणजे माझ्याच डेस्कटॉपच्या आत उघडलेल्या दुसऱ्या जीनोममध्ये, तासन्‌तास चालवलं, एकदाही अडखळलं नाही. शेवटी गाळ्यावर गेलो, गुळाच्या ढेपांशेजारी स्टूल ओढलं आणि लॅपटॉपवरून एसएसएचने त्यांच्या मशीनमध्ये शिरून जर्नलसीटीएल लावलं, म्हणजे मशीनच्या नोंदवहीचा, जर्नलचा, लॉग दाखवणारी कमांड. एरवी मी '-ओ कॅट' जोडतो. ओळी सुटसुटीत दिसतात, पण वेळ गळून जाते. आज मुद्दाम वेळ ठेवली.

'आकडा आणला' ही ओळ 30 सेकंदांत एकदा यायला हवी. आली नऊ वेळा, प्रत्येक वेगळ्या सेकंदाला. आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात तेच नऊ ठोके, तेवढ्याच अंतराने.

तेवढ्यात दिवाणजी उठले. "चालू द्या तुमचं, मी चहा घेऊन येतो." जाताना स्क्रीन लॉक केली. इतर कुणी करत नाही, ह्यांना सवय. लॉक होताना जीनोम एक्स्टेन्शनचं डिसेबल (आवराआवर करणारा कोड) चालवतं, उघडलं की पुन्हा एनेबल (सुरू करणारा). म्हणजे आता लॉग गप्प व्हायला हवा होता. तो आपला चालूच. ते परतले, पासवर्ड टाकला आणि दहावी ओळ उगवली.

डिसेबलमध्ये मी पट्टीवरचं लेबल काढत होतो, दर 30 सेकंदांनी ठोका देणारा टायमर नाही. म्हणून दर एनेबलला नवा टायमर, जुने चालूच. वर शहाणपणा करून 'लेबल असेल तरच लिही' अशी अट घातलेली, म्हणून एरर म्हणून काही ओरडलंच नाही. त्यात आकडा आणणारी कमांड सिंक्रोनस. ती परतेपर्यंत अख्खं शेल, म्हणजे जीनोमचा पडदा चालवणारा प्रोग्राम, थांबून राहतं. एका टायमरला ते कळत नाही, नऊ झाले की कळतं. घरच्या खिडकीला मी कधी कुलूपच लावलं नव्हतं.

"दिवाणजी, या चहाआधी आज आठ वेळा उठलात का हो?"

त्यांनी बोटं मोजली. चेहरा बदलला. "शेठ बोलले का काही?"

डिसेबलमध्ये टायमर काढून टाकणारी ओळ घातली, कमांड असिंक्रोनस केली, म्हणजे शेलला थांबायला लागू नये. नुसतं बंद-चालू करून नवा कोड उचलला जात नाही, म्हणून त्यांना लॉगआउट करायला लावलं. मग तीनदा लॉक करून पाहिलं. लॉक केलं की लॉग गप्प, उघडलं की एकच ओळ.

निघताना त्यांनी हळूच विचारलं, "ते उठण्याबसण्याचं कुठे लिहून राहत नाही ना?"

जर्नलमध्ये सगळं राहतं. मी चप्पल घातली आणि निघालो.